ढोलकीचं खोड कातून घ्यायला एकदम भरवशाचं ठिकाण

आमच्या गावच्या कातारी काकांनी लेथ मशीन (लाकूड गोल फिरवत कातायचं यंत्र) घरीच बनवलंय, सी आकाराच्या लोखंडी चॅनलचा बेड म्हणजे पाया, 1 एचपीची 1440 आरपीएमची मोटर, मोटरला 2 इंची पुली आणि लाकूड फिरवणाऱ्या स्पिंडलला 8 इंची म्हणजे स्पीड 360 च्या आसपास येतो, जड ओंडक्याला तेवढाच बरा. माझं शिसमचं खोड आधी बाहेरून कातलं मग आतून पोखरलं, मधे मधे थांबून कॅलिपरने जाडी बघत होते, शाईच्या तोंडाची (ज्या बाजूच्या पुडीवर काळी शाई असते तिकडची) कड तर इतकी साफ आलीय की नुसता हात फिरवत बसावं वाटतं! वेळ लावतात हे खरं. ओलं लाकूड नेलं तर सरळ परत पाठवतात, वाळताना तडकतं म्हणून, आणि मला हे फार आवडलं. पखवाजाचं खोडपण इथेच देणार.