कोकणात काँक्रीटच्या ड्राइव्ह वेला कुठला सीलर: ॲक्रिलिक, सिलेन-सिलोक्सेन की काहीच नको?

गेटपासून पोर्चपर्यंत काँक्रीट टाकून झालं की पुढचा प्रश्न येतोच, यावर सीलर (पाणी आणि डाग आत मुरू नयेत म्हणून लावायचं द्रावण) मारायचा का आणि मारायचा तर कुठला. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या पट्ट्यात घर असेल तर यूट्यूबवरचे व्हिडिओ जरा जपून बघा, कारण त्यातले बरेचसे अमेरिकेतले असतात आणि तिकडच्या थंड भागात सीलर लावायचं मोठं कारण म्हणजे बर्फ आणि बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, म्हणजे काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि वरचा थर उडतो. आपल्याकडे तो त्रास नाही. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस, शेवाळ, तांबड्या मातीचे आणि कुजलेल्या पानांचे डाग, किनाऱ्याजवळ खारा वारा, आणि एप्रिल-मेमध्ये पाय टेकवत नाही असं तापलेलं काँक्रीट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावसाळ्यात खालची जमीन तुडुंब भिजलेली असते, त्यामुळे ओल नुसती वरून नाही तर खालूनही येते. सीलर निवडताना हे खालून येणारं पाणी बरेच जण विसरतात.

बाजारात खरी निवड दोन प्रकारांत आहे. ॲक्रिलिक म्हणजे वर पातळ पापुद्र्यासारखा थर बसवणारा, रंग गडद होतो, चकाकी येते, स्टॅम्प काँक्रीट (ओलं असताना ठसे उमटवून नक्षी केलेलं) असेल तर फारच उठून दिसतं, आणि स्वस्तही पडतं. म्हणूनच पेंटवाला पहिल्यांदा हाच सुचवतो. पण खालून येणारी ओल या थराखाली अडकते आणि मग तो दुधासारखा पांढरट पडतो, नंतर पोपडे निघतात, आणि पहिल्यांदा निघतात ते बरोबर गाडीची चाकं जिथे येतात तिथे कारण तापलेला टायर तो थर उचलून नेतो. उन्हाने झिजतो ते वेगळंच. साधारण १ ते ३ वर्षांनी परत मारावा लागतो, आपल्याकडच्या ऊन-पावसात १ च्या जवळ धरा. शिवाय ओला झाला की निसरडा. गेटपासून घरापर्यंत चढ असेल आणि घरात कोणी स्कूटर चालवणारं किंवा वयस्कर माणूस असेल तर माझ्या मते हा विषय इथेच संपतो. वर बारीक वाळू भुरभुरून थोडी पकड येते हे खरं, पण थरच उडाला की वाळूही त्याच्याबरोबर जाते.

सिलेन-सिलोक्सेन हा दुसरा प्रकार. हा वर थर करत नाही, काँक्रीटच्या छिद्रांत काही मिलीमीटर आत जाऊन तिथेच चिकटतो आणि छिद्रांच्या भिंतींना पाणी धरू देत नाही. छिद्रं बुजत नाहीत, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडायची वाट मोकळी राहते, आणि आपल्याला नेमकं हेच पाहिजे असतं. दिसायला काही फरक पडत नाही. पैसे खर्च केले आणि काही दिसतच नाही असं घरचे म्हणतात, पण पहिल्या सरीत अळवाच्या पानावर फिरावेत तसे थेंब फिरताना दिसले की कळतं. आत असल्यामुळे उन्हाचा त्रास कमी, चांगला लागला तर ५ वर्षं तरी सहज जातात, कधी जास्तही. आत सळ्या घातल्या असतील आणि घर समुद्राजवळ असेल तर खारं पाणी आत शिरायचं प्रमाण कमी होतं, हा मोठा फायदा. लिटरचा भाव ॲक्रिलिकपेक्षा जास्त असतो, पण दर एक-दोन वर्षांनी परत रोलर फिरवायची मजुरी धरली तर हिशोब उलटा होतो. फक्त दुकानात डब्यावरचं नीट वाचा, नुसतं 'सिलिकॉन वॉटर रिपेलंट' म्हणून जे स्वस्त पातळ मिळतं ते वेगळं, सिलेन-सिलोक्सेन असं लिहिलेलंच घ्या.

यालाही मर्यादा आहेत. इंजिन ऑइलचा डाग हा फारसा थांबवत नाही. शेवाळही पूर्ण बंद होत नाही, पृष्ठभाग लवकर सुकतो म्हणून कमी धरतं इतकंच, आणि फणसाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत तर धरणारच.

इपॉक्सी बाहेर नकोच, उन्हात पिवळी पडून तिची पावडर सुटते आणि खालच्या ओलीने सुटून येते. गच्चीवर मारतात ते वॉटरप्रूफिंगचं कोटिंगही काही जण सुचवतात, ते गाडीच्या चाकाखाली टिकत नाही. डेन्सिफायर म्हणजे काँक्रीट घट्ट करणारं द्रावण, त्याने वरची धूळ उडणं कमी होतं, काँक्रीट जरा कडक होतं, पण पाणी अडवायचं काम त्याचं नव्हे.

आता, काहीच न लावणं. हाही बरोबर निर्णय असू शकतो आणि सांगताना कोणी सांगत नाही, कारण त्यात कोणाचा माल विकला जात नाही. काँक्रीट नीट दाबलेलं, ब्रूम फिनिशचं (ओलं असताना झाडू फिरवून खरखरीत केलेलं), दर १०० फुटाला निदान १ फूट उतार, पाणी कुठे साचत नाही, दिवसभर ऊन मिळतं, तर सीलरशिवाय वर्षानुवर्षं चालतं. एक साधी परीक्षा करा, कोरड्या काँक्रीटवर तांब्याभर पाणी ओता, लगेच शोषून काळं पडलं तर सीलरचा उपयोग आहे, बराच वेळ वरच राहिलं तर घाई नाही. उलट जिथे डबकं साचतं किंवा पागोळ्यांचं पाणी थेट पडतं तिथे आधी उतार आणि पन्हळ नीट करा, सीलरचे पैसे नंतर.

लावायचं ठरलं तर वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी. नवीन काँक्रीटला आधी क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं (साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसी म्हणजे फ्लाय ॲशसारखी राख मिसळलेलं सिमेंट किंवा कडक उन्हाळा असेल तर १०) आणि सीलर काँक्रीट टाकल्यापासून २८ दिवसांनंतरच, हे मिस्त्रीला दोनदा सांगा. सकाळी दव असतं म्हणून ऊन चढून पृष्ठभाग कोरडा झाल्यावर सुरू करा, पण भर दुपारी तापलेल्या काँक्रीटवर नको, आत मुरायच्या आधीच उडून जातो. आदल्या संध्याकाळी दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून ठेवा, सकाळी उशिरा उचला, खाली पाणी सुटलेलं किंवा काँक्रीट गडद झालेलं दिसलं तर अजून थांबा. पांढरे क्षार आले असतील तर ते आधी कोरड्या ब्रशने काढा. आंब्याच्या फवारणीचा पंप सीलर मारायला वापरू नका, स्वतंत्र घ्या.

देखभालीत सगळ्यात जास्त नुकसान ॲसिडने होतं. शेवाळ काढायला मिस्त्री टॉयलेटचं ॲसिड ओततात, लगेच स्वच्छ दिसतं कारण वरचं सिमेंटच खाल्लं जातं, वाळू उघडी पडते आणि पुढच्या पावसात त्या खरखरीत पृष्ठभागावर शेवाळ दुप्पट जोमाने धरतं. त्यापेक्षा मेच्या शेवटी आणि गणपतीच्या आधी ब्लिचिंग पावडरचं पाणी, दहा-पंधरा मिनिटं थांबून खराट्याने घासणं, भरपूर पाण्याने धुणं. झाडांच्या मुळांशी आणि विहिरीकडे ते पाणी जाऊ देऊ नका आणि ब्लिचिंग व ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखा फवारा, टोकदार धार नको. कापलेले जॉइंट दरवर्षी बघा, त्यात माती भरून गवत उगवतं, ते काढून पीयू सीलंट (रबरासारखं लवचिक राहणारं पॉलियुरेथेनचं भरण) भरा.

आणि आधीच ॲक्रिलिक मारलेलं असेल तर त्यावर सिलेन-सिलोक्सेन मारून काही होणार नाही, ते आत जाणारच नाही. जुना थर स्ट्रिपरने (थर सोडवणाऱ्या रसायनाने) पूर्ण काढावा लागतो. किंवा सरळ दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, चाकांच्या पट्ट्यात तो आपोआप जाईल, उरलेला काढायला कष्ट बरेच कमी पडतील.