झूमची मोफत योजना: ४० मिनिटांची बैठक आणि थोडी शिस्त

आमचे भाषांतराचे काम पुणे, नाशिक आणि बंगळुरू अशा तीन ठिकाणी बसून चालते, त्यामुळे सोमवारची बैठक झूमवर होते. पैसे न भरता वापरता येणाऱ्या योजनेत एका बैठकीला १०० जण हजर राहू शकतात, मात्र ४० मिनिटांनी बैठक बंद पडते. अनेकांना ही मर्यादा जाचक वाटते. मला ती उपकारकच वाटली, कारण वेळ संपत आली की पाल्हाळ लावणारेही मुद्द्यावर येतात आणि 'अजून एकच सांगतो' म्हणणारा खरोखर एकच सांगतो.

यातली सर्वांत मोलाची सोय अगदी साधी आहे. माइक बंद असताना स्पेसबार दाबून धरला, तर तेवढ्यापुरताच आपला आवाज पलीकडे जातो आणि बोट उचलताच माइक पुन्हा बंद होतो. मागे एकदा दरांविषयी बोलणे चालू असताना मी माइक उघडाच ठेवला होता. कुकरच्या तीन शिट्ट्या आणि पाठोपाठ आईचे 'गॅस बंद कर गं' हे ग्राहकासह सर्वांनी ऐकले. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तेव्हापासून माझे बोट स्पेसबारवरच असते. अर्थात, त्यासाठी झूमची खिडकी समोर उघडी असावी लागते.

अनाहूत लोक बैठकांत घुसू लागल्यावर एप्रिल २०२० पासून मोफत खात्यांनाही वेटिंग रूम आपोआप लागू झाली. यजमानाने आत घेईपर्यंत येणारा बाहेर थांबतो, ही व्यवस्था चोख आहे. परंतु नावाच्या जागी फोनचे मॉडेल झळकत असेल, तर दार कोणासाठी उघडायचे हे यजमानाला कसे कळावे? आत येण्यापूर्वी स्वतःचे पूर्ण नाव लिहिणे एवढे सौजन्य प्रत्येकाने दाखवायलाच हवे.

नव्या ग्राहकाला ॲप घ्यायला लावणे प्रशस्त वाटत नाही, म्हणून त्याला मी गूगल मीटचा दुवा पाठवते. लॅपटॉपवर ते ब्राउझरमध्येच उघडते आणि तिघे किंवा अधिक जण असले, तरी मोफत खात्यावर ६० मिनिटे मिळतात. सोमवारच्या बैठकीसाठी मात्र ती जास्तीची २० मिनिटे आम्हाला नकोच आहेत.