आयपॅडवर गज फिरवताना: स्वॅम व्हायोलिन आणि स्वॅम चेलो

प्रायोगिक एकांकिकांना पार्श्वसंगीत देण्याचे माझे सगळे काम गेली काही वर्षे आयपॅडवरच चालते. दादरच्या घरात, माटुंग्याच्या तालमीत आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेत हेच एक यंत्र बरोबर असते. पियानो, सिंथ, तालवाद्ये यांचे आवाज त्यावर समाधानकारक मिळतात. व्हायोलिन आणि चेलोचा आवाज मात्र कित्येक दिवस मनासारखा मिळत नव्हता. कारण सरळ आहे. पियानोच्या तारेवर हातोडी पडली की तो सूर वादकाच्या ताब्यातून सुटतो, त्यामुळे त्याचे नीट केलेले ध्वनिमुद्रण पुन्हा वाजवले तरी ते पटते. गजाने वाजणारा सूर मात्र सुरू झाल्यापासून संपेपर्यंत वादकाच्या हातात असतो, आणि आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या सॅम्पलमध्ये नेमकी तीच गोष्ट गोठलेली असते. ही अडचण स्वॅम व्हायोलिन आणि स्वॅम चेलो या अॅपनी बरीचशी सोडवली, त्यांच्याविषयीच हे लिहितो आहे.

हे मला खऱ्या अर्थाने कळले ते आमच्या इमारतीतल्या एका काकांमुळे. त्यांनी उमेदीची सारी वर्षे ताडदेव आणि वांद्र्याच्या स्टुडिओंमध्ये सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवले. एका एकांकिकेच्या शेवटच्या प्रसंगासाठी केलेला चेलोचा संथ तुकडा मी त्यांना हेडफोनवर ऐकवला. त्यात एकच सूर वीस सेकंदांहून अधिक काळ, हळूहळू चढत, सलग धरलेला होता. काकांनी डोळे मिटून तो पूर्ण ऐकला आणि एवढेच विचारले, "अरे, यात गज परतला कुठे?" मग त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. व्हायोलिनचा गज साधारण पाऊण मीटर लांबीचा आणि चेलोचा त्याहून थोडा आखूडच. मोठ्या आवाजात तो काही सेकंदांत संपतो आणि हाताला उलट फिरावेच लागते. त्या वळणावर आवाजात जी बारीकशी खाच पडते, ती ऐकण्याची कानाला सवय असते. ती नसली की काय बिघडले ते श्रोत्याला सांगता येत नाही, पण सूर खोटा वाटतो.

त्यानंतर मी आवाजांचा शोध नव्याने सुरू केला. सुरुवात अॅपलच्या गॅरेजबँड या संगीताच्या अॅपपासून केली, कारण ते मोफत आहे आणि त्यातल्या स्मार्ट स्ट्रिंग्जमध्ये विचारपूर्वक केलेले काम दिसते: पडद्यावरच्या पट्टीवर बोट ओढले की गज फिरतो, नुसते टेकवले की तार छेडल्याचा पिझिकाटो आवाज येतो, आणि पहिली व्हायोलिने, दुसरी व्हायोलिने, व्हायोला, चेलो, बास यांतले हवे ते ठेवून बाकीचे बंद करता येतात. चाल बांधताना हे फार उपयोगी पडते. पुढे ऑडिओलेअर हा सॅम्पलर, म्हणजे ध्वनिमुद्रित सूर वाजवणारे अॅप, घेतला. त्यात एसएफझेड या फाइल-स्वरूपातली वाद्ये उघडता येत असल्याने सोनाटिना सिंफनिक ऑर्केस्ट्रा हा मोफत संच आयपॅडवर आणता येतो. त्याचे थर, म्हणजे एकाच सुराची हळू-मोठ्याने केलेली वेगवेगळी ध्वनिमुद्रणे, मोजके आहेत, पण मागे धरून ठेवायच्या सुरांना तो पुरतो. संगणकावर नावाजलेले बहुतेक मोठे संच येथे चालतच नाहीत, कारण कॉन्टॅक्ट हा सॅम्पलर आयपॅडसाठी नाही. मधल्या काळात एका कंपनीचे वाद्यवृंदाचे अॅप मी बऱ्यापैकी पैसे मोजून घेतले होते. आयपॅडची प्रणाली अद्ययावत झाल्यावर ते उघडेनासे झाले आणि दोन एकांकिकांचे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून कोणतेही अॅप घेण्याआधी त्याची शेवटची आवृत्ती कधी आली हे मी पाहतो.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतले त्या स्वॅम व्हायोलिन आणि स्वॅम चेलो या अॅपविषयी. इटलीतल्या ऑडिओ मॉडेलिंग या कंपनीची ही वाद्ये ध्वनिमुद्रित सूर वाजवत नाहीत. तार, गज आणि वाद्याची पेटी यांचे वर्तन गणिताने त्या क्षणी घडवतात, त्यामुळे ती आयपॅडवर जागाही थोडीच घेतात. कीबोर्डची पट्टी नुसती दाबून येथे काम होत नाही. एक्स्प्रेशन, म्हणजे मिडीचा (कीबोर्डच्या आज्ञा अॅपपर्यंत पोचवणाऱ्या संकेतप्रणालीचा) ११ क्रमांकाचा कंट्रोलर, हाच तुमचा गज असतो. तो शून्यावर असेल तर पट्टी दाबूनही आवाज येत नाही. मी डाव्या हाताने छोट्या मिडी कीबोर्डवरचा स्लायडर सरकवतो आणि उजव्या हाताने सूर वाजवतो. पहिल्या आठवड्यात आवाज पोरकट आणि चिरका येत होता. पण स्लायडर एकसारखा वर न नेता प्रत्येक ओळीत थोडा वर, थोडा खाली ठेवायला शिकल्यावर, आणि जिथे गज परतायला हवा तिथे तो क्षणभर उतरवून सूर पुन्हा उचलल्यावर, तोच आवाज एकदम जिवंत झाला.

आपल्या संगीतासाठी याचा आणखी एक मोठा उपयोग आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी (गाण्याची वाद्यरचना करणाऱ्यांनी) व्हायोलिनच्या ताफ्याला मींड घेत एकसुरात गायला लावले. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. तो आवाज आपल्या कानांत लहानपणापासून बसलेला आहे. सुट्या सुरांच्या सॅम्पलमधून ही मींड काढणे जवळपास अशक्य असते. स्वॅममध्ये दोन सूर जोडून वाजवताना दुसरी पट्टी जितकी हलक्या हाताने दाबावी तितका सूर सावकाश घसरत जातो, त्यामुळे कोमल गंधारावरून मध्यमावर जाताना किती रेंगाळायचे हे बोटानेच ठरते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. ही एकेकटी वाद्ये आहेत, ताफा नव्हे. तीन व्हायोलिनांचा भास हवा असेल तर तीच ओळ तीनदा, दर वेळी नव्याने वाजवावी लागते. एकदा वाजवलेल्याची नक्कल करून ठेवली तर ताफ्याऐवजी तोच एक आवाज फक्त मोठा होऊन मिळतो. आवाज पूर्ण कोरडा येतो, म्हणून खोलीचा घुमारा वेगळा द्यावा लागतो. तो मी एयूएम या मिक्सर अॅपमध्ये एकाच रिव्हर्बमधून सगळ्या वाद्यांना देतो, म्हणजे सारे वादक एकाच दालनात बसल्यासारखे वाटतात. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा ताफा समोर बसून ऐकला, तर किती कमी घुमारा पुरतो हे समजते. सध्या माझी मांडणी अशी आहे: खाली सोनाटिनाचा ताफा अगदी हळू, त्यावर स्वॅमचे एकच व्हायोलिन पुढे, आणि पिझिकाटोसाठी गॅरेजबँड. सॅम्पलच्या ताफ्यावर चार सुरांचा कॉर्ड एकदम वाजवणे मी टाळतो, कारण त्यात प्रत्येक सूर पूर्ण ताफ्याने वाजवलेला असतो; सोळा वादकांचा ताफा असेल तर तेवढ्याने कानाला चौसष्ट वादक ऐकू येतात आणि छोट्या नाटकाचा प्रसंग त्याखाली दबून जातो.

प्रत्येक वाद्य वेगळे विकत मिळते. मात्र आयपॅडची आवृत्ती संगणकावरच्या आवृत्तीपेक्षा बरीच स्वस्त आहे. एकच घेणे परवडणार असेल तर मी चेलो घ्यायला सांगेन, कारण त्याचा पल्ला मोठा आहे आणि माणसाच्या आवाजाच्या पट्टीत तो संवादाखालीही शोभतो. डबल बास मी अजून घेतलेला नाही. त्याचा सर्वांत खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा, आणि आमच्या तालमीच्या हॉलमधल्या छोट्या स्पीकरांतून तो ऐकूच येत नाही. चेलोच्या ६५ हर्ट्झच्या सर्वांत खालच्या सुरापर्यंत उतरून मी सध्या काम भागवतो.