एसीच्या गॅसपायी १३ हजार घालवले, लीक निघाली वॉल्व्हच्या पिनमध्ये

माझी २००९ ची वॅगनआर आहे, परभणीत वापरतो. मे महिन्यात वडिलांना दर आठवड्याला नांदेडला दवाखान्यात न्यायचं होतं आणि ऊन तर माहितीच आहे तुम्हाला, म्हणून एसी पाहिजेच होता. गार हवा बंद झाली तसं इथल्याच एका एसीवाल्याकडं नेली. त्यानं पाइप जोडला, गेजकडं (गॅसचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडं) बघितल्यासारखं केलं, म्हणला गॅस कमी झालाय. १५०० घेतले. आठ दिवस थंडगार, मग परत गरम. परत १५००. असं तीनदा झालं. दरवेळी म्हणायचा जुनी गाडी आहे भाऊ, गॅस संपतोच.

इथंच मी येडा बनलो. एसीचा गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला, बंद पाइपात तोच तोच फिरत असतो. आठ दिवसात जात असेल तर कुठंतरी भोक आहेच, आणि ते न शोधता नुसता गॅस भरायचा म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

चौथ्या वेळेस तो म्हणला कूलिंग कॉइल गेली, डॅशबोर्ड खोलावा लागतो, ८५०० होतील, संध्याकाळी या. संध्याकाळी गेलो तर गाडी तयार. जुनी कॉइल दाखव म्हणलं तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. तेव्हाच डोक्यात पाल चुकचुकली होती पण दुसऱ्या दिवशी नांदेडला जायचं होतं, दिले पैसे.

बारा दिवसांनी परत गरम.

मग मेव्हण्यानं जालन्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेलं. त्या चाचांनी गॅस भरायचं नावच घेतलं नाही. आधी सगळे जोड बॅटरीच्या उजेडात बघितले, कारण गॅससोबत तेल फिरतं आणि लीक असंल तिथं तेलकट धूळ चिकटून बसते. मग लीक शोधायला दाबानं नायट्रोजन भरला, आणि गेजचा पाइप काढून टाकला अन् मगच साबणाचा फेस लावला. गॅस भरायच्या तोंडावरच बुडबुडे! आतली गॅस अडवून धरणारी वॉल्व्हची पिन नीट बसतच नव्हती आणि वरचं टोपणही गायब (ते कुणी हरवलं सांगायची गरज नाही). म्हणजे तो एसीवाला दरवेळी जिथून गॅस भरायचा तिथूनच गॅस जायचा, आणि पाइप जोडलेला असला की तिथली लीक दिसतच नाही, त्यामुळं पाइप लावून कितीबी टेस्ट करा, सगळं ओकेच दाखवणार.

कॉइलचं पण बघितलं. ब्लोअर काढून मोबाइलचा कॅमेरा आत घातला तर जुनाट कॉइल, जाळीत कित्येक वर्षांची धूळ, लिंबाचा पाला अडकलेला. नवीन कॉइल म्हणे!

चाचांनी पिन बदलली, टोपण लावलं, अर्धा तास व्हॅक्यूम काढून (म्हणजे पंपानं आतली सगळी हवा ओढून) पंप बंद केला आणि काटा हलतो का ते बघत बसले. नाही हलला, म्हणजे लीक नाही. मग बोनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढा आर-१३४ए (एसीचा गॅस) वजनकाट्यावर मोजून भरला. सगळे मिळून १९०० घेतले. पहिल्या एसीवाल्यानं व्हॅक्यूम कधी काढलाच नव्हता, पाच मिनिटात गॅस मारून मोकळा व्हायचा.

परत येऊन त्याच्याकडं पैसे मागितले तर म्हणला तुम्ही दुसरीकडं खोललं, आता माझी जबाबदारी नाही. बिल म्हणून कच्ची चिठ्ठी होती माझ्याकडं, त्यावर नुसतं लिहिलेलं, 'एसी काम ८५००'.