स्कायरिम मॉडमुळे कोसळतोय: अर्धेअर्धे करून शोधायचं की क्रॅश लॉग वाचायचा?

स्कायरिम स्पेशल एडिशन या गेमवर शंभरेक मॉड (खेळाडूंनी बनवलेले जादा बदल) चढवले आणि गेम धाडकन बंद पडून, म्हणजे क्रॅश होऊन, डेस्कटॉपवर येऊ लागला, की पहिला विचार येतो गेमच काढून पुन्हा टाकायचा. तो सोडून द्या. स्टीमवरून गेम काढला तरी हाताने डेटा फोल्डरमध्ये टाकलेल्या फायली तिथेच राहतात. स्टीममधून फायली व्हेरिफाय केल्या, म्हणजे तपासून घेतल्या, तरी मूळ फायली तेवढ्या दुरुस्त होतात, जादाच्या फायलींना हातही लागत नाही. सगळा डाउनलोड पुन्हा करायचा आणि क्रॅश होता तिथेच.

उरतात दोन मार्ग: मॉड अर्धेअर्धे बंद करून दोषी शोधणं, किंवा क्रॅश लॉग, म्हणजे गेम पडताना लिहिली जाणारी नोंद, वाचणं. अर्धेअर्धे करण्याला काही ज्ञान लागत नाही. निम्मे मॉड बंद करा, खेळून बघा, दोष ज्या निम्म्यात सापडेल त्याचे पुन्हा दोन भाग. दोषी मॉड एकच असेल तर १२८ मॉड ७ फेऱ्यांत एकावर येतात. पण क्रॅश अर्ध्या तासाने होत असेल तर त्या ७ फेऱ्यांत अख्खी संध्याकाळ जाते. शिवाय एखादा मास्टर (इतर मॉडना लागणारी मूळ फाइल) बंद झाला आणि त्यावर अवलंबून असलेला मॉड चालू राहिला, तर गेम सुरू होतानाच पडतो आणि आपण भलत्याच निम्म्याच्या मागे लागतो. आणि कृपा करून जुन्या सेव्हवर हे करू नका! काढलेल्या मॉडच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहतात, सेव्ह कायमची बिघडू शकते. मुख्य मेनूतून कन्सोल (कमांड टाइप करायची जागा) उघडून सीओसी कमांडने थेट गावात उतरा आणि तिथे तपासा.

क्रॅश लॉगला आधी तयारी लागते. एसकेएसई (मॉडना जादा क्षमता देणारं साधन) आणि क्रॅश लॉगर (लॉग लिहिणारा मॉड), दोन्ही तुमच्या गेमच्या आवृत्तीशी जुळणारे हवेत. ११ नोव्हेंबर २०२१ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटने गेमची ईएक्सई फाइल बदलली आणि १.५.९७ या आधीच्या आवृत्तीसाठी बनवलेले डीएलएल (प्रोग्रामच्या कोडची फाइल असलेले) मॉड चालेनासे झाले, म्हणून आवृत्ती आधी बघा. लॉग उघडला की आकड्यांच्या जंगलाला घाबरू नका. वरच्या ओळीत एखाद्या मॉडच्या डीएलएलचं नाव असेल तर संशय तिथून सुरू करा. नुसती स्कायरिमची ईएक्सईच दिसली तर खाली ईएसपी (मॉडची मुख्य फाइल) किंवा निफ (वस्तूच्या त्रिमितीय आकाराची फाइल) यांची नावं शोधा. गेममधल्या व्हाइटरन शहराच्या तबेल्याजवळ माझा गेम पडायचा, तेव्हा तिन्ही लॉगमध्ये एकाच झाडाची निफ फाइल होती. ती बदलली, क्रॅश थांबला. एकाच लॉगवरून मात्र कुणाला दोषी ठरवू नका. त्या क्षणी सहज लोड असलेल्या मॉडचंही नाव त्यात येतं.

चेहरे काळे पडणं, वस्तू जांभळ्या दिसणं यांत क्रॅशच नसतो, त्यामुळे लॉगही नसतो. जांभळा रंग म्हणजे टेक्स्चर (वस्तूवर चढवलेलं चित्र) गायब. काळा चेहरा बहुतेकदा दोन मॉडच्या भांडणाचा: पात्राची नोंद एकाची, चेहऱ्याची फाइल दुसऱ्याची. ते एसएसईएडिट या, मॉडच्या नोंदी शेजारी ठेवून दाखवणाऱ्या साधनात शोधा.

क्रॅश ठरावीक जागी होत असेल तर मी लॉगच निवडेन. दर वेळी लॉगमध्ये वेगळंच काही येत असेल, तर मॉड ऑर्गनायझर २ या मॉड सांभाळणाऱ्या साधनात प्रोफाइलची (मॉडच्या यादीची) प्रत काढा आणि त्या प्रतीवर अर्धेअर्धे सुरू करा. मूळ यादी जशीच्या तशी राहील.