ताजे म्हणून विकलेले गोठवणीचे झिंगे

मागील मे महिन्यात रत्नागिरीच्या नणंदबाई आमच्याकडे नागपूरला राहायला येणार होत्या, म्हणून मी सीताबर्डीवरील एका दुकानातून दोन किलो झिंगे घेतले. "ताई, आज पहाटेच्या गाडीने आलेत, एकदाही गोठवलेले नाहीत," असे दुकानदाराने मी दोनदा विचारल्यावर दोन्ही वेळा ठामपणे सांगितले, आणि बर्फाच्या चुऱ्यावर मांडलेला माल पाहून मी विश्वास ठेवला.

गोठवलेला झिंगा वाईटच असतो, असे माझे मुळीच म्हणणे नाही. कारखान्यात वेगाने गोठवून सतत उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवलेला माल, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या शहरात, नुसत्या बर्फात चार दिवस फिरलेल्या मालापेक्षा पुष्कळदा सरस निघतो. माझे नुकसान केले ते त्या खोट्या शब्दाने. कारण माल ताजा समजून मी त्यातला एक किलो घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला, म्हणजेच एकदा गोठून वितळलेले मांस पुन्हा, आणि तेही संथपणे, गोठवले.

उणे 1 ते उणे 5 अंशांच्या टप्प्यात मांसातील बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. हा टप्पा झटपट ओलांडला तर स्फटिक बारीक राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये तो रेंगाळतो, स्फटिक मोठे होऊन स्नायूतंतू फाडतात, प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते आणि वितळताना रस वाहून जातो. पंधरा दिवसांनी काढलेल्या त्या किलोखाली वाटीभर गढूळ पाणी साचले. शिजवल्यावर डोक्याजवळचे मांस पिठूळ लागले आणि शेपटीकडचे चिवट.

नणंदबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. सैल झालेली डोकी, बोटाने दाबल्यावर तसाच राहणारा खळगा आणि शीतगृहात सुकल्याने उमटलेले पांढरे डाग दाखवून त्या म्हणाल्या, "वहिनी, हे गोठवणीचे आहेत, उरलेले आजच शिजवा." मी ऐकले नाही, याची मला खंत आहे.

दुकानदाराने बिल दिले नव्हते, त्यामुळे 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना माझ्या हाती पुरावा नव्हता. आता मी बंद पाकीटच घेते, त्यावरील तारीख आणि बर्फाचा लेप वगळून दिलेले निव्वळ वजन वाचते, रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवते आणि चाळणीत निथळून घरच्या काट्यावर तोलते.