पाच तासांची एक सीडी

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी म्हापशात माझे 4,200 रुपये गेले. पैसे गेले ते बाबांच्या आवाजापायी, म्हणून ते अजून मनातून जात नाही. जुनी गाडी वापरणारे, घरातल्या कॅसेटींवरची भजनं सीडीवर करून घेणारे गोव्यात अजून खूप आहेत. माझ्या बाबतीत जे झालं ते त्यांच्या बाबतीत होऊ नये, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

आमचं मूळ घर सत्तरीत. बाबा आयुष्यभर गावच्या देवळात भजनाला बसले. चवथीच्या आरत्यांना घुमट, म्हणजे मातीच्या घटाचं आमच्याकडचं तालवाद्य, त्यांच्या मांडीवर असायचं, शेजारी शामेळ हा ढोल आणि कांसाळे, म्हणजे झांजा. त्यातलं बरंच काही कुणी ना कुणी टेपवर घेतलं होतं. त्या कॅसेटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या आणि इतक्या पावसाळ्यांनी त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली होती. फर्मागुढीला इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या भाचीने दोन सुट्ट्या खर्चून त्या साफ केल्या आणि कॉम्प्युटरवर उतरवल्या. एकूण 61 तुकडे, 4 तास 50 मिनिटं. भैरवीच्या आधी बाबा घसा खाकरतात आणि शेजारच्याला हळूच "घे रे" म्हणतात, तेही त्यात आलंय. ऐकलं की अंगावर काटा येतो.

धाकटे काका, म्हणजे तात्या, आता 84 वर्षांचे. महिन्यातून एकदा मी त्यांना वाळपईहून म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो. माझी गाडी 2007 सालची. तिच्यातला डेक फक्त सीडी घेतो, पेनड्राइव्हला जागाच नाही. जाता-येता तात्यांना बाबांची भजनं ऐकवावीत आणि चवथीला घरी जमणाऱ्या भावंडांना एकेक सीडी द्यावी, एवढाच विचार होता. भाचीची परीक्षा चालू होती, तिला त्रास नको म्हणून बाजारात गेलो.

म्हापशाच्या बाजाराजवळच्या एका गल्लीत दुकान दिसलं. बाहेर पाटी होती, 'कार फॉरमॅट सीडी करून मिळेल'. पेनड्राइव्ह दिला, गाडी जुनी आहे हे आधीच सांगितलं आणि सगळं मिळून जवळजवळ पाच तासांचं आहे हेही सांगितलं. दुकानदार म्हणाला, एकाच सीडीत बसवून देतो, एका सीडीचे 300 रुपये, वर बाबांचा फोटो आणि नाव छापलेला स्टिकर. मी दोनदा विचारलं, गाडीत नक्की वाजेल ना? तो म्हणाला, "भिवपाची गरज ना, खंयच्याय गाडयेंत वाजतलें." म्हणजे घाबरायचं कारण नाही, कुठल्याही गाडीत वाजेल. आठ सीड्यांची ऑर्डर दिली. दोन दिवसांनी घ्यायला गेलो तेव्हा त्याने एक सीडी काढून दुकानातल्या डीव्हीडी प्लेयरवर लावून दाखवली. बाबांचा आवाज आला. माझे डोळे भरून आले. तिथेच 2,400 रुपये मोजले आणि बिल मागायचं राहून गेलं.

गाडीत घातली तर डेकवर 'एरर'. दुसरी घातली, तेच. सीडी आत जायची, थोडी घरघरायची आणि बाहेर यायची.

परत दुकानात गेलो. तो म्हणाला, सीडी चांगली आहे, तुमच्यासमोरच तर वाजवली, तुमच्या डेकची लेन्स गेली असणार. चार दुकानं सोडून एक स्टिरिओवाला होता, त्याच्याकडे त्याने स्वतःच नेऊन सोडलं. माझ्याकडे नाट्यगीतांची एक विकतची सीडी आहे, ती गाडीत रोज वाजते, हे मी स्टिरिओवाल्याला सांगितलं. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: "कंपनीची सीडी वाजते, कॉपी केलेली वाजायला लेन्समध्ये ताकद लागते." ऐकायला पटण्यासारखं होतं. त्याने डेक उपसला आणि आत नेला. पाऊण तासाने आणून बसवला, नवी लेन्स घातली म्हणून 1,800 रुपये घेतले. सीडी घातली. एरर. तेव्हा म्हणतो, डेकच संपलाय, 6,500 मध्ये नवा बसवतो. जवळ तेवढे पैसे नव्हते म्हणूनच मी तिथून निघालो. नाहीतर बसवलाच असता.

परीक्षा संपल्यावर भाची आली. तिने काही न बोलता आधी माझी नाट्यगीतांची सीडी लावली. सुरेख वाजली. मग दुकानातली सीडी लॅपटॉपमध्ये घातली. "मामा, हे बघ," म्हणाली. आत 61 फायली, प्रत्येकीच्या शेवटी एमपीथ्री. त्याने काही केलंच नव्हतं. पेनड्राइव्हवर जे होतं तेच उचलून सीडीवर टाकलं होतं.

सीडीवर संगीत ठेवण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत, हे मला तेव्हा नीट कळलं. एक खरी ऑडिओ सीडी. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून तिचे नियम ठरवले आणि 1982 पासून ती बाजारात आहे. तिच्यात आवाज दाबून लहान केलेला नसतो. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनल. म्हणजे एका मिनिटाला साधारण 10 एमबी. म्हणून बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या कोऱ्या सीडीवर 80 मिनिटांच्या वर ती मावत नाही. दुसरी डेटा सीडी. तिच्यावर एमपीथ्री, म्हणजे आवाज दाबून लहान केलेल्या फायली नुसत्या ठेवलेल्या असतात, जशा पेनड्राइव्हवर ठेवाव्यात तशा. भाचीने आमच्या फायली 128 केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला 128 किलोबिटच्या केल्या होत्या, मिनिटाला जेमतेम 1 एमबी. त्यामुळे जवळजवळ पाच तास 280 एमबीत बसले. डीव्हीडी प्लेयर आणि कॉम्प्युटर या फायली उलगडून वाजवतात. माझ्यासारख्या जुन्या डेकला ते जमत नाही. ज्यांना जमतं त्यांच्या तोंडावर बहुतेक वेळा 'एमपीथ्री' असं छापलेलं असतं. माझ्या डेकवर फक्त कॉम्पॅक्ट डिस्कचं चिन्ह आहे. दुकानातल्या प्लेयरवर वाजवून दाखवणं ही त्यामुळे परीक्षाच नव्हती.

पाच तास एका सीडीत, या एकाच वाक्यावर त्याला तिथल्या तिथे धरता आलं असतं. जुन्या डेकसाठी आमच्या भजनांना चार सीड्या लागतात. एकात बसवून देतो असं कुणी म्हणालं, तर ती ऑडिओ सीडी नाही, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

भाचीने मला सीडी उलटी करून खिडकीच्या उजेडात तिरकी धरायला लावली. लिहिलेला भाग आतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि त्याची छटा कोऱ्या भागापेक्षा किंचित गडद दिसते. आमच्या सीडीवर ते कडं अर्ध्याच्या अलीकडेच संपलेलं होतं. 70-75 मिनिटांची ऑडिओ सीडी असती तर ते जवळजवळ कडेपर्यंत गेलं असतं. विंडोजच्या कॉम्प्युटरवर आणखी सोपं आहे. ऑडिओ सीडी उघडली की ट्रॅक 01, ट्रॅक 02 अशा सीडीए नावाच्या इवल्याशा फायली दिसतात, प्रत्येक फक्त 44 बाइटची. गाण्यांची नावं आणि एमपीथ्री दिसलं, तर ती डेटा सीडी.

स्टिकरचं प्रकरण तर याहून वाईट. आठपैकी दोन सीड्यांचा तळ बाकीच्यांपेक्षा काळपट दिसत होता. भाचीने एकीचा स्टिकर कोपऱ्यातून सोलला. खाली 'रीरायटेबल' अशी छापील अक्षरं आणि मार्करने कुणाच्या तरी हाताने लिहिलेलं 'गॅदरिंग'. कुणाची तरी जुनी सीडी पुसून तिच्यावर माझ्या बाबांची भजनं टाकून, वर त्यांचा फोटो चिकटवून मला नव्याच्या भावात विकली होती. अशा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवरून प्रकाश फार कमी परततो, त्यामुळे बऱ्याच जुन्या डेकना ती बरोबर ऑडिओ म्हणून लिहिली तरी वाचता येत नाही. लेन्सच्या ताकदीच्या त्या बोलण्यात खऱ्याचा थोडा अंश होता तो असा. सोलताना स्टिकरबरोबर वरचा चंदेरी थरही निघून आला आणि सीडीतून पलीकडचं दिसायला लागलं. माहिती सीडीच्या वरच्याच बाजूला, छापाच्या अगदी खाली असते, हे मला ठाऊक नव्हतं. तेवढा भाग कायमचा गेला.

आणि लेन्स. फोंड्यातल्या दुसऱ्या एका कारागिराकडे डेक नेला. त्याने तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि स्क्रूवरचं कंपनीचं कागदी सील दाखवलं. ते अखंड होतं, वर धूळ बसलेली. डेक कधी उघडलाच नव्हता. 1,800 रुपये नुसते डेक बाहेर काढून परत ढकलायचे. त्या कारागिराने माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही.

म्हापशाला परत गेलो तेव्हा सीडीवाला म्हणाला, कॉम्प्युटरवर वाजतात ना, मग पैसे कसले परत? स्टिरिओवाल्याने तर मला ओळखच दाखवली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथे फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न केला तो बिलाचा. माझ्याकडे दोघांचंही नव्हतं. तुम्ही 100 रुपयांचं काम करून घ्या, पण बिल घ्या, आणि त्यावर 'ऑडिओ सीडी, इतकी मिनिटं, नवीन कोरी सीडी' असं लिहून घ्या. सुटा भाग बदलला असं सांगितलं तर जुना भाग हातात मागा. काम डोळ्यांसमोर होऊ द्या. आणि पैसे देण्याआधी आपल्याच गाडीत वाजवून पाहा, गाडी लांब लावली असेल तरी तिथपर्यंत चला म्हणावं.

शेवटी भाचीनेच घरी चार सीड्या केल्या. कोऱ्या सीड्या, एकदाच लिहिता येणाऱ्या. विंडोज मीडिया प्लेयरमध्ये 'डेटा' ऐवजी 'ऑडिओ सीडी' निवडली, वेग कमी ठेवला. तिथे दोन ट्रॅकच्या मध्ये रिकामी जागा न सोडण्याची एक खूण आहे, ती केली, नाहीतर एका आरतीतून दुसऱ्या आरतीत शिरताना घुमट मध्येच थांबल्यासारखं वाटतं. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने केलीत, तर शेवटी डिस्क बंद करायचा, म्हणजे फायनलाइझचा पर्याय चालू आहे ना ते बघा. उघडी राहिलेली सीडी कॉम्प्युटरवर वाजते आणि गाडीत वाजत नाही. नावं तिने सीडीच्या मार्करने वर लिहिली, स्टिकर नाही.

पुढच्या खेपेला वाळपईहून निघताना पहिली सीडी लावली. साखळी गेली, डिचोली गेली, तात्या एक शब्द बोलले नाहीत. अस्नोडा येता येता बाबांनी घसा खाकरला आणि तात्यांनी माझ्याआधी म्हटलं, "घे रे."

दुकानातली एक सीडी मात्र तात्यांच्या मुलाने मला न विचारता त्याच्या गाडीत घातली होती. पावसाच्या दमटपणाने स्टिकरची कड सुटली आणि सीडी आत अडकून बसली, बाबांच्या फोटोसकट. ती अजून तिथेच आहे. येत्या रविवारी डेक काढून फोंड्याला न्यायचा आहे, आणि तो उघडेपर्यंत मी तिथे उभा राहणार आहे.